दवेगाची साक्ष: ५२ व्या स्तोत्रामागचा इतिहास

‘तुला चांगल्यापेक्षा वाईट प्रिय, खरे बोलण्यापेक्षा खोटे प्रिय,’ असा थेट आरोप बायबलमधल्या ५२ व्या स्तोत्रात आहे. त्याच्या आधीच्या ओळीत त्या माणसाच्या जिभेला धार लावलेल्या वस्तऱ्याची उपमा दिली आहे, पुढच्या ओळीत तिला कपटी म्हटले आहे. वाचणाऱ्याला वाटते, हा कोणी सराईत खोटारडा असणार. स्तोत्राच्या शिरोलेखात, म्हणजे सुरुवातीच्या टिपेत, नाव आहे अदोमी (अदोम देशातल्या) दवेगाचे. तो शौल राजापुढे नेमके काय बोलला, ते बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात नोंदलेले आहे. ती साक्ष एकेक शब्द तपासून वाचावी. तिच्यात खोटी म्हणता येईल अशी एकही बाब सापडत नाही. तरीही स्तोत्र तिला खोटे म्हणते. वाईटाची आवड आणि कपटी बोलणे यांविषयी शास्त्राची शिकवण समजून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी लागते.

काळ इस्राएलच्या पहिल्या राजाचा, म्हणजे साधारण इ. स. पूर्व अकराव्या शतकाच्या अखेरीचा. शौलाला आपल्या जावयाचा, दाविदाचा, जीव हवा होता. शौलाचा मुलगा योनाथान याने सावध केल्यावर दावीद पळाला आणि नोब या याजकांच्या नगरात आला. तिथे एली याजकाच्या घराण्यातला अहीमलेख याजक होता. राजाचा जावई एकटाच दारात उभा पाहून तो घाबरला आणि ‘तुझ्याबरोबर कोणी कसे नाही?’ असे विचारू लागला. दावीद म्हणाला, राजाने गुप्त कामगिरीवर पाठवले आहे. हे साफ खोटे होते. अहीमलेखाने विश्वास ठेवला. साधी भाकर नव्हती म्हणून परमेश्वरापुढून नुकतीच काढलेली समर्पित भाकर त्याने दिली. नियमाप्रमाणे ती फक्त याजकांनी खायची असे. मग दाविदाने शस्त्र मागितले. राजाचे काम तातडीचे, म्हणून आपले शस्त्र आणता आले नाही, ही दुसरी थाप. एफोदामागे (एफोद म्हणजे याजकाचे पवित्र वस्त्र) कापडात गुंडाळून ठेवलेली, दाविदाने मारलेल्या गल्याथाची तलवार याजकाने त्याच्या हवाली केली.

भाकर आणि तलवार या दोन प्रसंगांच्या मध्ये लेखकाने एकच वचन घातले आहे. त्या दिवशी शौलाचा एक सेवक तिथे परमेश्वरासमोर थांबलेला होता; नाव दवेग, अदोमी, शौलाच्या मेंढपाळांचा मुख्य. एवढेच सांगून कथा पुढे सरकते. माणूस पवित्रस्थानात उभा आहे आणि पाहतो आहे. जे काही घडते त्याचा तो प्रत्यक्ष साक्षीदार आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पुढचा प्रसंग शौलाच्या गावचा, गिबाचा. शौल एशेल झाडाखाली हातात भाला घेऊन बसला आहे, भोवती त्याच्याच बन्यामीन वंशातले सेवक. तो त्यांना टोचून विचारतो, इशायाचा पोरगा (म्हणजे दावीद) तुम्हाला शेते आणि द्राक्षमळे देणार आहे काय? तुम्हाला हजारांचे, शंभरांचे सरदार करणार आहे काय? तुमच्यापैकी एकालाही माझी कळकळ नाही, कोणी मला काही कळवत नाही. राजाला काय हवे आहे ते उघड होते. त्याच्या मनात कट शिजतो आहे हे आधीच ठरलेले होते, फक्त कोणीतरी येऊन दुजोरा द्यायचा होता. जमिनीचे आणि पदाचे नाव त्यानेच काढले होते. इथे दवेगाने तोंड उघडले.

इशायाचा मुलगा नोब येथे अहीटूबाचा मुलगा अहीमलेख याच्याकडे आलेला मी पाहिला. अहीमलेखाने त्याच्यासाठी परमेश्वराला प्रश्न विचारला, त्याला शिधा दिला आणि पलिष्टी गल्याथाची तलवार दिली. दवेगाची साक्ष इथे संपते. दावीद आला होता, हे खरे. शिधा आणि तलवार दिली, हेही खरे. परमेश्वराला प्रश्न विचारल्याचा उल्लेख आधीच्या अध्यायात नाही, पण अहीमलेख स्वतः ते नाकारत नाही. मी आजच का त्याच्यासाठी देवाला प्रश्न विचारायला लागलो, असे उलट तो म्हणतो.

दवेगाने जे सांगितले नाही ते मात्र फार मोठे होते. याजक भेदरला होता. त्याने चौकशी केली होती. दाविदाने राजाचेच नाव पुढे केले होते, आणि अहीमलेखाने जी मदत केली ती त्याच्या मते शौलाचीच सेवा होती. हे एक वाक्य दवेगाच्या तोंडून निघाले असते तर अहीमलेखावरचा राजद्रोहाचा आरोप तिथेच गळून पडला असता. त्याने ते गिळले. खऱ्या गोष्टी अशा रीतीने वेचून मांडल्या की ऐकणाऱ्याच्या मनात खोटे चित्र उभे राहिले. स्तोत्र ज्याला कपट म्हणते ते हेच, असे माझे ठाम मत आहे. स्तोत्रकर्ता तपशिलाची चूक काढतच नाही. त्या माणसाला काय प्रिय आहे यावर तो बोट ठेवतो.

अहीमलेखाला आणि त्याच्या सगळ्या घराण्याला बोलावणे गेले. त्याने सरळ उत्तर दिले: तुझ्या सर्व सेवकांत दाविदासारखा विश्वासू कोण आहे? मला यातले काही ठाऊक नव्हते. शौलाने ऐकून घेतले आणि मरणाची शिक्षा सुनावली. पण पहाऱ्याच्या शिपायांनी परमेश्वराच्या याजकांवर हात टाकायला नकार दिला. सबंध प्रसंगात एवढेच एक धैर्य दिसते. मग राजाने दवेगालाच सांगितले. त्या दिवशी त्याने तागाचे एफोद घालणारे ८५ पुरुष मारले. या पुस्तकाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हा आकडा ३०५ आहे. नंतर नोब नगरातली माणसे, बाया, मुले, तान्ही बाळे, गुरेढोरे, सगळी तलवारीला बळी पडली.

मोशेच्या नियमशास्त्राशी हा खटला ताडून पाहिला की त्याचे खरे रूप दिसते. ‘तू आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा तर होतीच. त्या नियमशास्त्राच्या लेवीय या पुस्तकात लोकांमध्ये चहाड्या करीत फिरायला मनाई आहे, आणि त्याच वचनात शेजाऱ्याच्या जिवावर उठू नको असे म्हटले आहे; चहाडी आणि रक्तपात एका दमात सांगितले आहेत. अनुवाद नावाच्या पुस्तकात मरणाच्या शिक्षेला दोन किंवा तीन साक्षीदार लागतात, एकाच्या तोंडावर कोणाला मारायचे नाही. शिवाय शिक्षा अमलात आणताना पहिला हात साक्षीदाराचा पडावा, म्हणजे आपल्या शब्दाचे ओझे त्याला जाणवेल. गिबाला साक्षीदार एकच होता आणि हात मात्र त्याचाच पडला. ज्या तरतुदीने जीभ आवरावी तिचे असे विकृत रूप तिथे दिसते. पुढे अहाब राजाच्या काळात नाबोथ नावाच्या माणसाच्या द्राक्षमळ्यासाठी ईजबेल राणीने दोन साक्षीदार उभे करून नियमाची बाह्य अट पाळली. ते दोघेही खोटे बोलले. दवेगाकडे घटना खऱ्या होत्या आणि हेतू खुनी. दोन्हीकडे निरपराध माणूसच मेला.

नोबच्या कत्तलीतून अहीमलेखाचा मुलगा अब्याथार तेवढा निसटला आणि त्याने दाविदाला बातमी दिली. दावीद म्हणाला, अदोमी दवेग तिथे होता तेव्हाच मला कळले होते की हा शौलाला नक्की सांगणार. तुझ्या बापाच्या घराण्यातल्या सगळ्यांच्या मृत्यूला मीच कारण झालो. या वाक्यावरून घाईने पुढे जाऊ नये. स्तोत्रात दाविदाच्या थापेचा उल्लेख नाही, इतिहासात आहे, आणि शास्त्राने दोन्ही जपून ठेवले. दावीदही त्या दिवशी खोटे बोलला होता, जीव वाचवण्यासाठी. फरक पुढे दिसतो. त्याला आपल्या शब्दांचे फळ दिसल्यावर त्याने दोष अंगावर घेतला आणि अब्याथाराला आपल्याजवळ ठेवून घेतले. स्तोत्रातला माणूस मात्र दुष्टपणाची फुशारकी मारतो. वाईट हातून घडणे आणि वाईट आवडणे यांतले अंतर या दोघांत स्पष्ट दिसते.

शिरोलेखाविषयी इथेच बोलायला हवे. स्तोत्रांवरचे असे लेख नंतरच्या संकलकांनी जोडले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. ५२ व्या स्तोत्रात नोबच्या कत्तलीचा शब्दही नाही. तिथला माणूस बलाढ्य आहे आणि आपल्या पुष्कळ धनावर भिस्त ठेवणारा आहे. म्हणून काहींना हा मेळ जमत नाही. मला तो जमतो असे वाटते, कारण शौलाने शेते आणि द्राक्षमळे यांची भाषा केल्यावरच दवेग बोलला होता. काहीही असो, ज्यांनी हे स्तोत्र इथे ठेवले त्यांनी विचार करून ठेवले. ५४ व्या स्तोत्राच्या शिरोलेखात पुन्हा खबर देणारेच आहेत. दावीद आमच्यात लपला आहे, असे जिफी लोकांनी शौलाला कळवले. ५५ व्या स्तोत्रात दगा देणारा मित्र आहे, त्याचे बोलणे लोण्यासारखे मऊ आणि मनात लढाई. या ओळीने ठेवलेल्या स्तोत्रांत शत्रूचे मुख्य हत्यार जीभ आहे.

संदेष्ट्यांनी हाच आरोप एका माणसावरून सबंध सत्ताधारी वर्गावर नेला. इ. स. पूर्व आठव्या शतकात मीखाने याकोबाच्या, म्हणजे इस्राएलाच्या, पुढाऱ्यांना बऱ्याचा द्वेष करणारे आणि वाईटाची आवड धरणारे म्हटले. आमोसाने उलटी आज्ञा दिली: वाईटाचा द्वेष करा, चांगल्याची आवड धरा आणि वेशीत न्याय स्थापन करा. वेस म्हणजे जिथे खटले चालत ती जागा, तेव्हा इथेही आवडीचा संबंध साक्षीशी आणि निवाड्याशीच आहे. वाईटाला बरे आणि बऱ्याला वाईट म्हणणाऱ्यांना यशयाने धिक्कारले. लोक आपली जीभ धनुष्यासारखी वाकवतात, असे यिर्मया म्हणाला. तो अनाथोथच्या याजकांपैकी होता, आणि दाविदानंतर राजा झालेल्या शलमोनाने अब्याथाराला पदावरून काढून पाठवले ते याच अनाथोथला.

नव्या करारात मत्तयाच्या १२ व्या अध्यायात येशू नोबच्या समर्पित भाकरीची आठवण काढतो, आणि त्याच अध्यायात पुढे सांगतो की अंतःकरणात जे भरून आहे तेच तोंडातून निघते आणि प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशेब द्यावा लागेल. याकोबाच्या पत्रातला जिभेवरचा तिसरा अध्याय सर्वांना परिचित आहे.

यहूदी गुरूंनी दवेगाचा विषय सर्वांत जास्त चघळला. बाबेलच्या तालमुदात (तालमुद म्हणजे या गुरूंच्या चर्चांचा संग्रह) चहाडी तिघांना मारते असे वचन आहे: सांगणाऱ्याला, ऐकून घेणाऱ्याला आणि ज्याच्याविषयी सांगितले त्याला. यरुशलेमी तालमुदात हे गिबाच्या प्रसंगाला लावले आहे: दवेगाने सांगितले, शौलाने मानले, अहीमलेख बळी पडला. शौलाचे नाव त्यात घालणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण कान देणारा नसता तर ती साक्ष नोबपर्यंत पोचलीच नसती.

स्तोत्र म्हणते, देव त्याला त्याच्या तंबूतून उपटून टाकील. शमुवेलाच्या पुस्तकात मात्र दवेगाचा शेवट कुठेच नाही. २२ व्या अध्यायानंतर तो कथेतून नाहीसा होतो. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहूदी नियमसंग्रहाने त्याचा निवाडा लिहून ठेवला. येणाऱ्या जगात ज्यांना वाटा नाही अशी, राजे नसलेली, चार माणसे तिथे मोजली आहेत: बलाम, दवेग, अहीथोफेल आणि गेहजी.