युद्धपट आणि वर्दीतला मारधाडपट

१९८२ च्या ‘फर्स्ट ब्लड’मध्ये जॉन रँबोच्या हातून पडद्यावर ठळकपणे एकच माणूस मरतो, तोही ठरवून नाही. हेलिकॉप्टरमधून गोळ्या झाडणाऱ्या पोलिसापासून जीव वाचवायला तो एक दगड भिरकावतो, हेलिकॉप्टर हेलकावतं आणि पोलीस तोल जाऊन खाली पडतो. सिनेमाच्या शेवटी हाच रँबो आपल्या जुन्या कर्नलसमोर बसून, व्हिएतनाममध्ये डोळ्यांदेखत चिंधड्या झालेल्या मित्राची आठवण सांगता सांगता लहान मुलासारखा रडतो. तीन वर्षांनी, १९८५ मध्ये, दुसरा भाग आला. आता तोच माणूस डोक्याला पट्टी बांधून व्हिएतनामच्या जंगलात शिरतो आणि स्फोटक लावलेल्या बाणाने शत्रूच्या अधिकाऱ्याच्या चिंधड्या करतो. पहिल्या चिंधड्यांवर आपण गप्प होतो, दुसऱ्यांवर शिट्टी वाजवतो.

दोन्हींना आपण सरसकट ‘मिलिटरीचे सिनेमे’ म्हणतो. पहिल्यात युद्ध दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, पण तो युद्धपटांच्या घराण्यातला आहे. दुसरा मारधाडपट आहे, फक्त त्याने वर्दी घातली आहे (खरं तर शर्टसुद्धा घातलेला नाही). कबूल करून टाकतो: दुसरा भाग मी पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पाहिला आहे.

या दोघांतला फरक विचारला की ‘एक खरा, एक खोटा’ असं उत्तर येतं. ते पटत नाही. युद्धपटही भरपूर थापा मारतात. चेहरे दिसावेत म्हणून सैनिक एकमेकांना खेटून चालतात, कानठळ्या बसवणाऱ्या गोळीबारात नीट वाक्यं बोलतात, महिन्याभराची मोहीम दोन तासांत आटोपतात. खरा फरक हिशेबाचा आहे. युद्धपटात प्रत्येक गोष्टीची किंमत कोणीतरी मोजतो. मारधाडपटात नायकाचं खातं कधी रिकामं होतच नाही.

साधी गोष्ट बघा. एम-१६ रायफलच्या नेहमीच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या असतात. मिनिटाला ७०० ते ९०० च्या वेगाने सलग झाडल्या तर ते मॅगझिन दोन-अडीच सेकंदांत संपतं. म्हणजे कमरेला बंदूक लावून अर्धा मिनिट गरगर फिरत गोळीबार करणाऱ्या नायकाला तेवढ्यात दहाएक वेळा मॅगझिन बदलावं लागेल. युद्धपटातला सैनिक मॅगझिन बदलताना बोटं थरथरतात म्हणून चुकतो, आणि कधी कधी प्रसंगाचा सगळा ताण त्या थरथरीवरच उभा असतो. मारधाडपटात मॅगझिन बदललंच तर एका झटक्यात, छान ‘खट्’ आवाजासाठी.

‘प्रिडेटर’मधली (१९८७) फिरत्या नळ्यांची मिनीगन तर या खात्यातली कमाल आहे. मूळची ती हेलिकॉप्टरवर बसवायची बंदूक, आणि चालायला वीज लागते. चित्रीकरणात तिची वायर कॅमेऱ्यापासून लपवली होती, आणि नळ्या फिरताना दिसाव्यात म्हणून वेगही कमी केला होता. हे कळल्यावर तो प्रसंग मला आणखीच आवडायला लागला.

हातबॉम्बचंही तसंच. अमेरिकी लष्कराचा एम-६७ हातबॉम्ब साधारण ४०० ग्रॅमचा असतो, चार-पाच सेकंदांत फुटतो आणि पाच मीटरच्या आत जीव घेतो. फुटताना दिसतो तो राखाडी धूर आणि धुरळा. मारतात ते तुकडे. पडद्यावरचा नारिंगी आगीचा गोळा इंधनाचा असतो. तो डोळ्यांचे पारणे फेडतो आणि त्यातून माणसं सुंदर कमानी घेत हवेत उडतात. एकाच्याही अंगात तुकडा घुसलेला दिसत नाही. याउलट ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’च्या (१९९८) सुरुवातीला ओमाहा किनाऱ्यावर एक सैनिक आपलाच तुटलेला हात वाळूतून उचलतो आणि घेऊन चालू लागतो. तिथे शिट्टी वाजवायची इच्छा कुणालाही होत नाही.

नकाशा बघितला तरी ओळख पटते. युद्धपटाला तारीख आणि जागा लागते: ६ जून १९४४, नॉर्मंडी. मारधाडपटाला त्यांची अडचण होते. ‘कमांडो’मध्ये (१९८५) व्हाल व्हर्दे नावाचा देश आहे, तो कुठल्याच नकाशावर नाही. ‘टॉप गन: मॅव्हरिक’मध्ये (२०२२) तर शत्रूदेशाला नावच नाही, कलाकारांना खऱ्या लढाऊ विमानांच्या मागच्या सीटवर बसवून आकाशात नेलं, पण ती विमानं कुणावर चालून गेली ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. शत्रूला नाव दिलं की त्याला गाव येतं, घर येतं, आई येते. मग त्याला उडवताना मजा उरत नाही.

इथपर्यंत वाटणी सोपी आहे. पंचाईत होते ती मधल्यांची. ‘ब्लॅक हॉक डाउन’ (२००१) ३ आणि ४ ऑक्टोबर १९९३ च्या, सोमालियाची राजधानी मोगादिशूमधल्या खऱ्या चकमकीवर आहे. रक्त खरं वाटतं, भीतीही खरी वाटते आणि मरणाऱ्या अमेरिकी सैनिकांना नावं आहेत. पण त्याच चकमकीत शेकड्यांनी मेलेले सोमाली पडद्यावर बहुतेक बिनचेहऱ्याचे येतात, मारधाडपटातल्या लोंढ्यासारखे. अर्ध्या माणसांचा हिशेब चोख, उरलेल्या अर्ध्यांचा नाहीच. त्याला कुठल्या बाजूला ठेवायचं यावर मी स्वतःशीच दोनदा मत बदललं आहे. आज विचाराल तर सांगेन, वर्दी युद्धपटाची, नाडी मारधाडपटाची.

आणि म्हणूनच तो चोरटा आनंद, म्हणजे ‘कमांडो’ बघताना दार लोटून घ्यावंसं वाटणं, मला जरा चुकीच्या जागी वाटतो. एकटा निवृत्त कर्नल बेटावर उतरून अख्खी फौज गारद करतो, हे बघून कुणाला लढाई अशीच असते असं वाटत नाही. तो सिनेमा स्वतःच डोळा मारत असतो. फसवण्याची ताकद असते ती गंभीर सिनेमात. पहिल्या आखाती युद्धात लढलेले अमेरिकी मरीन दलाचे सैनिक अँथनी स्वॉफर्ड यांनी ‘जारहेड’ या आठवणींत लिहिलं आहे की मोहिमेवर निघण्याआधी त्यांच्या तुकडीने व्हिएतनामवरचे सिनेमे आणून दिवस-दिवस पाहिले. युद्धविरोधी म्हणून नावाजलेलेच सिनेमे, आणि बघणाऱ्या पोरांना ते लढाईची नशा चढवत होते. दिग्दर्शकाला काय म्हणायचं होतं याच्याशी त्यांना देणं-घेणं नव्हतं. हेलिकॉप्टरं संगीताच्या तालावर येत होती, तेवढं पुरे होतं.

तेव्हा लाज वाटायचीच असेल तर मला ती सुंदर चित्रित केलेल्या खऱ्या लढाईत अंगावर रोमांच आल्यावर वाटते. व्हाल व्हर्देच्या भाडोत्री सैनिकांसाठी नाही.

परत रँबोकडे येतो, कारण त्याच्या बाबतीत ही सीमारेषा अगदी बोट ठेवून दाखवता येते. डेव्हिड मॉरेल यांच्या १९७२ च्या मूळ कादंबरीत तो शेवटी मरतो. सिनेमासाठीही त्याच्या मरणाचा शेवट चित्रित झाला होता. प्रदर्शनाआधी काही प्रेक्षकांना दाखवला, त्यांना तो सोसला नाही, म्हणून दुसरा शेवट लावला. रँबो अंगावर कोट पांघरून, कर्नलच्या सोबतीने, जिवंत बाहेर पडला. तीन वर्षांनी बाण घेऊन परत यायला मोकळा.