टबातलं कासव सोलापुरात आलं कुठून?

देवळात शिरताना नंदीपुढच्या दगडी कासवाला हात लावून कपाळाला न्यायचा, हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडायचीही जुनी रीत. पण 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि देशी कासवांना संरक्षण मिळालं. तारा कासव असो की तळ्यातलं मऊ कडांचं, 2022 च्या दुरुस्तीनंतर ही दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. ती घरी ठेवणं गुन्हा आहे.

मग आज सोलापुरात काचेच्या टाकीत दिसतं ते हिरवं पिल्लू कुठलं? डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. तिकडे ही पिल्लं खेळण्यांसारखी विकली जात. मुलं ती तोंडात घालत आणि जुलाब-तापाने आजारी पडत. कारण होतं साल्मोनेला. हा जंतू कासवाच्या आतड्यात राहतो. कासव ठणठणीत असतं, पण विष्ठेतून तो पाण्यात आणि पाठीवर येतो. म्हणून 1975 मध्ये अमेरिकेने 4 इंचांपेक्षा लहान कवचाचं कासव पाळण्यासाठी विकायला बंदी घातली. निर्यात मात्र चालू राहिली, आणि तिथल्या कासवशेतीने परदेशी गिऱ्हाईक धरलं.

ही गोष्ट मला सांगावीशी वाटते ती शेजारच्या घरामुळे. तिथली वहिनी कासवाचा टब स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये, पिठाच्या परातीशेजारी घासायची. आता ती टब मोरीत धुते आणि हात साबणाने. पाच वर्षांखालच्या लेकराला कासव हाताळू देऊ नये, हे तर ठामच. मोठ्यांनी उचलताना दोन्ही हातांनी, कवचाच्या दोन्ही बाजूंनी धरावं, तेही जमिनीलगत. नखं बोचली की हात सुटतो, आणि पडलं तर कवच तडकतं.

ऊन मात्र त्याला हवंच. काचेआडून आलेलं नव्हे, थेट. त्यावाचून कवच मऊ पडतं. तरी सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये टब गच्चीवर उघडा ठेवला तर तासाभरात पाणी चटका बसण्याइतकं तापतं. अर्धी सावली ठेवाच.

आणलं तेव्हा नाण्याहून जरा मोठं असलेलं हे पिल्लू पुढे जेवणाच्या ताटाएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं. तेव्हा कंटाळून ते सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात सोडू नका. ते तिथे तगतं, आणि देशी कासवांचं अन्न अन् उन्हाची जागा बळकावतं.