एचडी आणि पीपी: एकाच पाण्यावर तरंगणारे दोन वेगळे प्लास्टिक

शॅम्पूची रिकामी बाटली घ्या. तळाशी त्रिकोणात बहुधा २ आकडा सापडेल, म्हणजे एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिइथिलीन), भंगार-प्लास्टिकच्या धंद्याच्या बोलीत नुसतं एचडी. टिचकीने उघडणाऱ्या झाकणावर मात्र ५ असतो, म्हणजे पीपी (पॉलिप्रोपिलीन). झाकणाची पातळ बिजागरी हजारो वेळा वाकवली तरी तुटत नाही, हा पीपीचाच गुण. एचडी मेणचट लागतं आणि त्यावर नखाचा ओरखडा सहज उठतो.

पुन्हा वापरण्यासाठी भंगार दळून भुगा केला की ही ओळख पुसली जाते. धुलाईच्या हौदात पीईटी आणि पीव्हीसी ही जड प्लास्टिकं तळाला जातात, पण पाण्याची घनता १ धरली तर एचडीची साधारण ०.९५ आणि पीपीची ०.९०, त्यामुळे ही दोन्ही वरच राहतात. पाण्यात अल्कोहोल मिसळून द्रवाची घनता ०.९३ च्या आसपास आणली, तर एचडी बुडतं आणि पीपी तरंगतं. नमुना तपासायला ही युक्ती उत्तम, पण टनावारी मालासाठी परवडत नाही. म्हणून दळण्याआधी हाताने, किंवा मोठ्या कारखान्यात इन्फ्रारेड यंत्राने, माल निवडावा लागतो.

दोन्ही नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या, मग एकत्र वितळवल्या तर बिघडलं कुठे? एचडी १३० अंशांच्या पुढे वितळतं, पीपी १६० च्या पुढे. एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रात, दोन्ही पातळ होतात, पण एकजीव होत नाहीत. एकात दुसऱ्याचे बारीक थेंब राहतात आणि गार झाल्यावर थेंबाभोवतीची पकड कच्ची असते. अशा मिश्रणाच्या दाण्याची (भंगार वितळवून केलेल्या गोळ्यांची) पट्टी वाकवून बघा: दुमडीवर पांढरी पडते आणि कधी कधी पापुद्रे सुटतात. कडकपणा दोघांच्या साधारण मध्ये येतो, त्यामुळे कागदावर माल बरा दिसतो. कोसळतं ते तुटेपर्यंत ताणलं जाण्याचं प्रमाण, आणि बहुतेकदा आघात सोसण्याची ताकदही.

पुन्हा पुन्हा वितळवण्याचा परिणामही दोघांवर उलटा होतो. पीपीच्या साखळ्या तुटत जातात, एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो याचा आकडा) चढतो आणि माल पातळ वाहू लागतो. एचडीत साखळ्या एकमेकींना जोडल्या जाण्याकडे कल असतो, तिथे एमएफआय बहुधा उतरतो. म्हणजे मिश्र दाण्याचा एमएफआय ठीक दिसला, तरी आतला माल ठीक असेलच असं नाही.

यावर इलाज आहे. इथिलीन आणि प्रोपिलीन दोन्हींचे तुकडे असलेलं कोपॉलिमर घातलं, तर ते सीमेवर दोन्हीकडे रुजतं. २०१७ साली कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांच्या संशोधकांनी अशा चार तुकड्यांच्या साखळीने, अवघ्या १ टक्का प्रमाणात, ठिसूळ मिश्रण चिवट करून दाखवलं. ही मला या क्षेत्रातली फार मोलाची प्रगती वाटते. पण असं मिश्रक महाग पडतं आणि भंगाराचा दाणा तर स्वस्त विकायचा असतो. ते स्वस्त होईपर्यंत न निवडलेला माल जाड फळ्या आणि पॅलेटसारख्या, ताण कमी येणाऱ्या वस्तूंत घालावा. बादलीच्या कडीला किंवा क्रेटच्या कोपऱ्याला तो वापरू नये. आणि दाणा घेताना नुसत्या ताणशक्तीच्या आकड्यावर जाऊ नका, तुटण्याआधी तो किती टक्के ताणला जातो हे विचारा.