मुठीमागचा शिक्का : जर्मन आरमाराच्या लुगर पिस्तुलाची गोष्ट

पिस्तुलाची मूठ मागून पाहिली की पोलादी पट्टीवर बोटभर जागेत काही अक्षरं ठोकलेली दिसतात. रोमन दोन, पुढे टी. डी. आणि त्याखाली क्रमांक. दोन नंबरची टॉर्पेडो डिव्हिजन, मुक्काम विल्हेल्म्सहाफन. कोठारातल्या कुणा कारकुनी माणसानं चोरी होऊ नये, हिशेब चुकू नये म्हणून मारलेला हा शिक्का. आपण घरच्या तांब्यावर नाव घालून घेतो, त्यातलाच प्रकार. आज लिलावात या पिस्तुलाला चढी बोली लागते ती बरीचशी या ठोक्यांमुळे.

हे पिस्तूल म्हणजे लुगरचं आरमारी रूप. जर्मन नाव पिस्टोले ०४, म्हणजे १९०४ सालचं. मूळ कल्पना ह्यूगो बोर्खार्टची. त्याच्या १८९३ च्या पिस्तुलात गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा होता. गोळी सुटताना सांधा ताठ, मागे गेला की वर दुमडून रिकामं काडतूस बाहेर फेकणार. पण ते पिस्तूल बोजड आणि हातात बेढब होतं. टिरोलमध्ये जन्मलेल्या गेऑर्ग लुगरनं तोच सांधा ठेवून बाकी सगळं आटोपशीर केलं, मूठ तिरकी केली. स्विस लष्करानं ते १९०० मध्येच घेतलं, ७.६५ मिलिमीटरच्या काडतुसासह. जर्मनांना गोळी जरा जाड हवी होती, म्हणून लुगरनं ९ मिलिमीटरचं काडतूस काढलं. तेच ‘नाइन एमएम पॅराबेलम’. ‘शांतता हवी तर युद्धाची तयारी ठेव’ या अर्थाच्या लॅटिन वचनातले शेवटचे दोन शब्द हे पिस्तूल बनवणाऱ्या बर्लिनच्या डी.डब्ल्यू.एम. कारखान्यानं आपला तारेचा पत्ता म्हणून घेतले होते. तारेचा पत्ता काडतुसाला चिकटला तो कायमचा. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणारं आपल्याकडचं ९ मिलिमीटरचं पिस्तूलही हेच काडतूस खातं.

हे काडतूस आणि हे पिस्तूल जर्मनीत सगळ्यात आधी घेतलं ते आरमारानं. लष्कराला १९०८ उजाडलं. भूदलाच्या मानानं आरमाराला पिस्तुलांची गरज ती किती! पण आरमाराच्या हातात तोवर जुनी राइखसरिव्हॉल्व्हरं, म्हणजे जर्मन सरकारी रिव्हॉल्व्हरं, होती आणि जहाजावरून माणसं किनाऱ्यावर उतरवायची तर सगळ्यांना लांब रायफली देऊन भागत नसे. म्हणून आरमारानं नळी १५० मिलिमीटरची मागितली. लष्कराच्या लुगरची १०० ची आहे. मागच्या माशीला, म्हणजे नेम धरायच्या खुणेला, दोन घरं : शंभर मीटर आणि दोनशे मीटर. मुठीला मागून लाकडी फळी अडकवून पिस्तूल खांद्याला लावायची सोय. पिस्तुलानं दोनशे मीटरवर नेम धरणं हा माझ्या मते बराचसा आशावाद आहे. फळी लावली तर थोडा कमी आशावाद, इतकंच.

बारीकसारीक बदल होत राहिले. पहिल्या घडणीत सांधा परत जागेवर आणणारी स्प्रिंग चपटी होती, १९०६ नंतर गुंडाळीची आली. चपट्या स्प्रिंगचे नमुने आता दुर्मीळ. सेफ्टीच्या खटक्याची कथा जास्त मजेची. आरमारी पिस्तुलात खटका वर केला की पिस्तूल बंद, लष्कराच्या पिस्तुलात नेमकं उलट. एकाच देशाच्या दोन दलांत ही तऱ्हा म्हणजे अपघाताला आवतणच. पुढे आरमारानं आपली पिस्तुलं लष्करासारखी करून घेतली आणि ‘गेसिखर्ट’, म्हणजे सुरक्षित, ही खूण खालच्या बाजूला आली. हा बदल झालेलं नग वेगळं, न झालेलं वेगळं. संग्राहक त्यावर तासन् तास घालवतात.

आपल्याकडच्या वाचकाला या आरमाराची ओळख एका शब्दातून आहे, बहुतेकदा नकळत. खाष्ट सासूला किंवा कडक मास्तरणीला ‘अगदी एमडन आहे’ म्हणतात ना, ती एमडन म्हणजे जर्मन क्रूझर, वेगवान युद्धनौका. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिनं मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या आणि किनाऱ्यावरच्या गावांची झोप उडवली. ९ नोव्हेंबरला हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवरचं तार-ठाणं मोडायला तिची पन्नास माणसं तिचा अधिकारी हेल्मुट फॉन म्यूके याच्या हाताखाली त्यांतल्या डायरेक्शन बेटावर उतरली. बरोबर चार मशीनगन, रायफली आणि पिस्तुलं. ती किनाऱ्यावर असतानाच ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ या युद्धनौकेनं एमडनला गाठून निकामी केलं. म्यूकेनं मग बेटावरचं ‘आयेशा’ नावाचं शिडाचं जहाज बळकावलं, सुमात्रातल्या पाडांगपर्यंत आला, पुढे एका जर्मन मालवाहू जहाजातून अरबस्तानात उतरला, वाळवंटात बेदुइनांशी लढला आणि १९१५ च्या मे महिन्यात उरलेल्या माणसांसह इस्तंबूलला पोचला. लांब नळीचं आरमारी पिस्तूल कशासाठी होतं, हे याहून नीट सांगणारा प्रसंग मला दुसरा सापडत नाही.

पण ‘एमडनवरचं पिस्तूल’ म्हणून कुणी एखादं नग दाखवलं तर हात आखडता घ्यावा. मुठीवरचा शिक्का जहाज सांगत नाही, तुकडी सांगतो. एम. डी. म्हणजे खलाशांची डिव्हिजन, डब्ल्यू. डी. म्हणजे गोदीची, टी. डी. टॉर्पेडोची. आधी रोमन एक असेल तर बाल्टिककडचं कील, दोन असेल तर उत्तर समुद्रावरचं विल्हेल्म्सहाफन. खालचा आकडा त्या कोठारातल्या पिस्तुलाचा. तिथून ते कोणत्या बोटीवर गेलं, ते शिक्क्यावर लिहिलेलं नाही.

१९१८ च्या नोव्हेंबरात कीलचे खलाशी बंड करून उठले आणि कोठारांतली हत्यारं नको त्या हातांत गेली. व्हर्सायच्या तहानं आरमार १५,००० माणसांवर आणलं. उरलेल्या पिस्तुलांवर नवे शिक्के बसले : नॉर्डझेचा (उत्तर समुद्राचा) एन किंवा ओस्टझेचा (बाल्टिकचा) ओ, आणि क्रमांक. त्यामुळे काही नगांवर कैसरच्या मुकुटाखालचा एम (मरीने, म्हणजे आरमार) आणि हिटलरच्या आरमाराचा गरुडाखालचा एम असे दोन्ही भेटतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी अशी कित्येक पिस्तुलं घरी नेली. वरिष्ठाच्या सहीचा, पिस्तुलाचा क्रमांक असलेला परवानगीचा कागद सोबत टिकला असेल, तर त्या कागदाचीच वेगळी किंमत होते.

जिथे शिक्क्याला पैसे, तिथे खोटे शिक्के आलेच. साध्या लुगरला लांब नळी चढवून, आरमारी माशी बसवून, मुठीवर अक्षरं ठोकून विकणारे पूर्वीही होते. म्हणून जाणकार आधी सुट्या भागांवरचे क्रमांक जुळवतात, मग मॅगझिनचं, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीचं, लाकडी बूड बघतात. कैसरच्या काळच्या आरमारी मॅगझिनच्या लाकडावर एकात एक गोल कोरलेले असतात. शेवटी भिंगाखाली ठोक्याची कड. जुना ठोका पोलादाबरोबर झिजलेला असतो, त्याची कड बोथट असते आणि रंगही आजूबाजूसारखाच मंद. नवा ठोका खळग्यात चकाकतो.