सुतारकामाची हत्यारे: निवड, पहिली धार आणि रोजचा वापर

पटाशी किंवा रंधा खोक्यातून काढला की लगेच लाकडाला लावू नका. बहुतेक पात्यांना कारखान्यात २५ अंशांचा उतार घासून दिलेला असतो. त्यापुढची बारीक धार वापरणाऱ्याने लावायची असते. नव्या पटाशीने लाकूड कापण्याऐवजी चेपले जाते किंवा रंधा लाकूड उपटतो, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. म्हणून या पत्रकात सगळ्यात जास्त जागा धारेला दिली आहे.

काय घ्यावे

बारा पटाश्यांचा संच घेण्याआधी धारेचा दगड घ्या. बोथट बारापेक्षा धारदार तीन पटाश्या केव्हाही जास्त काम देतात. ६, १२ आणि २५ मिलिमीटर रुंदीच्या पटाश्यांवर घरगुती फर्निचरचे जवळजवळ सगळे सांधे निघतात. सोबत ५ नंबरचा रंधा (लांबी साधारण १४ इंच), इंचाला १२ ते १४ दात्यांची पाठीची करवत (पात्याच्या वरच्या कडेवर जाड पट्टी असलेली), एक गुण्या (काटकोन तपासायचा), मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायचे) आणि आखणीसाठी पातळ चाकू एवढे पुरे. ४ नंबरचा छोटा रंधा शेवटची सफाई करायला चांगला असतो आणि ७ नंबरचा लांब रंधा लांब फळीची कड सरळ करायला. पण एकच घ्यायचा असेल तर ५ नंबर. दोन्हीकडची बरीचशी कामे तो निभावून नेतो.

पटाशी घेताना बाजूच्या कडा बघा. बाजूंना उतार दिलेली पटाशी कोपऱ्यात नीट शिरते, पण खोल भोकात टेकू देऊन ढलप्या उचकटायला ती वापरली तर टोक तुटते. त्या कामाला जाड, चौकोनी अंगाची पटाशी लागते. लाकडी मुठीवर लोखंडी हातोडी मारू नका, मोगरीच (लाकडी हातोडा) वापरा. मुठीच्या डोक्याला लोखंडी कडी नसेल तर मूठ चिरतेच.

पटाशीची पहिली धार

नव्या पात्यावर गंज लागू नये म्हणून तेलाचा किंवा लाखेचा थर असतो. तो आधी थिनरने पुसून काढा, नाहीतर दगड चिकट होतो.

पहिले काम पाठीचे. उतार नसलेल्या सपाट बाजूवर मार्कर पेनाने रेघोट्या मारा आणि टोकाकडचा २५ ते ३० मिलिमीटर भाग १००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) पूर्ण सपाट टेकवून आठ-दहा वेळा घासा. शाई जिथे उरेल तिथे पाठ खोलगट आहे. टोकाजवळची शाई पूर्ण जाईपर्यंत घासत राहा. वरच्या भागात थोडी राहिली तरी चालेल. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेषा. पाठ खडबडीत असेल तर उतार कितीही घासला तरी धार येणार नाही. हे काम कंटाळवाणे आहे, पण एका पटाशीला ते एकदाच करावे लागते.

मग उतार. २५ अंशांचा पूर्ण उतार घासत बसू नका. पाते किंचित उचलून ३० अंशांवर धरा आणि टोकाला सुमारे १ मिलिमीटर रुंदीची चकचकीत पट्टी येऊ द्या. हाताने कोन धरता येत नसेल तर चाकाचे धार-जिग (पाते ठरलेल्या कोनात धरून दगडावर फिरणारी पकड) वापरा. बाजूंनी पाते पकडणाऱ्या नेहमीच्या जिगमध्ये पटाशीचे टोक ३० मिलिमीटर पुढे काढले की ३० अंश मिळतात, ४० मिलिमीटर काढले की २५. रंध्याचे पाते त्याच जिगच्या वरच्या भागात बसते, तिथे ही मापे ३८ आणि ५० मिलिमीटर होतात. ही मापे लाकडाच्या तुकड्यावर ठोकळे ठोकून कायमची करून ठेवा, म्हणजे दर वेळी मोजपट्टी शोधावी लागणार नाही.

किती घासायचे? उतार घासताना पोलादाची अगदी पातळ कड पाठीच्या बाजूला उलटते. तिला बर म्हणतात. अंगठा पाठीवरून धारेच्या दिशेने बाहेर सरकवा (धारेच्या लांबीवरून कधीच नाही). पूर्ण रुंदीभर बारीक खरखर लागली की १००० नंबरचे काम संपले. एका कोपऱ्यात ती लागत नसेल तर त्या कोपऱ्याला धार नाही, आणि पुढच्या दगडावर जाऊन ती येणारही नाही. इथे घाई केली की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

यानंतर ४००० ते ६००० नंबरच्या दगडावर त्याच कोनात दहा-बारा फेऱ्या, मग पाठ सपाट टेकवून दोन-तीन, म्हणजे बर निघून जाते. शेवटी चामड्यावर पाते फक्त मागे ओढा. पुढे ढकलले तर धार चामड्यात रुतते आणि गोल होते.

धारेची परीक्षा नरम लाकडाच्या आडव्या कापावर (जिथे लाकडाच्या रेषा तुटतात त्या टोकावर) घ्या. तासलेला भाग गुळगुळीत, किंचित चमकदार दिसला तर धार बरोबर. भुरकट आणि चुरडलेला दिसला तर धार कमी आहे. बारीक पांढरी रेघ उमटली तर त्या जागी टवका आहे.

कठीण लाकडात धारेचे बारीक तुकडे उडत असतील तर कोन २ ते ३ अंशांनी वाढवा. मोगरीने खोल भोके पाडायच्या पटाशीला ३५ अंश ठेवा. सागवानात सिलिका असते आणि प्लायवूडमध्ये कडक झालेला गोंद, त्यामुळे या दोन्हींवर धार लवकर जाते. तो पात्याचा दोष नव्हे.

ग्राइंडरवर टवके काढायचे असतील तर पाते एकसारखे दाबून धरू नका. दोन-तीन सेकंद टेकवा, पाण्यात बुडवा, पुन्हा टेकवा. टोक निळे पडले तर तिथला कडकपणा गेला. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय त्यावर धार टिकत नाही.

दगडाची काळजी

पाण्याच्या दगडावर तेल टाकू नका. छिद्रे बुजली की तो परत पूर्वीसारखा होत नाही. असा दगड मधोमध लवकर झिजतो आणि खोलगट दगडावर पटाशीची पाठ गोल होते. दगडावर पेन्सिलीने चौकटी काढा आणि जाड काचेवर २२० नंबरचा वॉटरप्रूफ पॉलिश पेपर ओला करून पसरा. सगळ्या रेघा जाईपर्यंत दगड त्यावर घासा. दर दोन-तीन पात्यांनंतर हे केले तर दोन मिनिटांचे काम, महिनाभर टाळले तर अर्ध्या तासाचे.

रंधा जुळवताना

मोठ्या रंध्यात पाते उतार खाली करून बसते. एका हाताने वापरायच्या छोट्या ब्लॉक प्लेनमध्ये उतार वर असतो. उलटे बसवले तर रंधा नीट कापत नाही.

पात्यावर बसणारे कॅप आयर्न (छिलका मोडणारी लोखंडी पट्टी) धारेपासून रोजच्या कामाला १ मिलिमीटर मागे ठेवा. वेड्यावाकड्या रेषांच्या (तंतूंच्या) लाकडावर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जवळ आणा. त्यामुळे छिलका उठताक्षणी मोडतो आणि पुढचे लाकूड उपटले जात नाही. पाते आणि कॅप आयर्न जोडून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर छिलके त्या फटीत अडकणार आणि रंध्याचे तोंड (तळातली पात्याची फट) बुजणार. अशा वेळी कॅप आयर्नची टेकणारी कड दगडावर सपाट करा.

पाते आधी पूर्ण आत घ्या आणि रंधा लाकडावर चालवत मागचे पितळी चाक पाव-पाव फेरा फिरवा. छिलका एकाच बाजूने निघत असेल तर आडवी दांडी हलवून पाते सरळ करा. पाते जास्त बाहेर आले आणि मागे घेतले, तर शेवटचा फेरा पुन्हा पुढच्याच दिशेने द्या. चाकाच्या आट्यांमध्ये थोडी ढिलाई असते. ती तशीच राहिली की दोन-चार हातांनंतर पाते आपोआप मागे सरकते आणि रंधा कापेनासा होतो.

फळीच्या बाजूने रेषा पाहा. रंधा ज्या दिशेने चालवायचा त्याच दिशेने त्या वर चढत गेल्या पाहिजेत. उलट चालवला तर धार रेषांच्या पोटात शिरते आणि खपल्या निघतात. हात सुरू करताना पुढच्या मुठीवर जोर, मध्ये दोन्हींवर सारखा, शेवटी मागच्या मुठीवर. हे चुकले की फळीची दोन्ही टोके खाली जातात आणि मध्ये फुगीर राहते. आडव्या कापाची कड रंधताना दोन्ही टोकांकडून मध्याकडे या, नाहीतर पलीकडचा कोपरा तुटतो. तळाला मेणबत्ती घासली की रंधा ढकलायला लागणारा जोर लगेच कमी होतो.

करवत आणि गुण्या

रेषांच्या दिशेने चिरायला इंचाला ४ ते ७ दात्यांची करवत घ्या. तिचे दाते छोट्या पटाशीसारखे सरळ असतात. आडवे कापायला ८ ते १२ दात्यांची, सुरीसारख्या तिरक्या दात्यांची घ्या. सुरुवातीला अंगठ्याच्या पेराचा आधार द्या, दोन हात मागे ओढा आणि मग हलक्या हाताने पुढे चालवा. करवत सतत एकाच बाजूला जात असेल तर त्या बाजूचे दाते जास्त बाहेर वाकलेले आहेत. बारीक दगड त्या बाजूने पात्याला सपाट टेकवून दात्यांवरून एकदा हलकेच फिरवा. दात्यांची टोके निळसर-काळी असतील तर ती कडक केलेली आहेत. त्यांवर कानस चालत नाही, अशी करवत बोथट झाली की बदलायचीच.

गुण्या घेतल्या दिवशीच तपासा. सरळ कडेला लावून चाकूने रेघ मारा, गुण्या पलटवून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन रेघांमध्ये जेवढी फट दिसेल त्याच्या निम्मी गुण्याची चूक.

हत्यार बदलून कधी मागावे

मुठीला भेग, पात्याला तडा, रेघांच्या चाचणीत न टिकणारा गुण्या, तोंडाच्या लगेच पुढचा तळ सरळपट्टीला न टेकणारा रंधा, हे दोष आहेत. हत्यार वापरू नका, परत आणा. नव्या पटाशीची धार पहिल्या दिवशी लवकर गेली तर मात्र थोडे थांबा. कारखान्यात घासताना टोकाचा अगदी पातळ भाग कधीकधी तापून नरम पडलेला असतो आणि तीन-चार वेळा धार लावली की खालचे चांगले पोलाद वर येते. त्यानंतरही धार वळत किंवा तुटत असेल तर पाते आमच्याकडे आणा आणि कोणत्या कोनात धार लावली तेही सांगा.