संत ब्लेझ: घशाच्या मेणबत्त्यांमागचा इतिहास

३ फेब्रुवारीला कॅथलिक चर्चमधील मिस्सात (सामुदायिक उपासनेत) भाविक वेदीपुढे रांग लावतात. दोन मेणबत्त्यांची फुली प्रत्येकाच्या गळ्याशी धरून धर्मगुरू संत ब्लेझ यांच्या मध्यस्थीने घशाच्या आणि इतर सर्व आजारांपासून मुक्ती मागतात. हे ब्लेझ आर्मेनियातील सेबास्ते, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील सिवास, येथील बिशप. चौथ्या शतकाच्या आरंभी रोमन सम्राट लिसिनियसच्या अमलात ते रक्तसाक्षी झाले, म्हणजे श्रद्धेसाठी त्यांनी प्राण दिले, एवढे परंपरा सांगते. त्यापुढे जपून बोलावे लागते.

हौतात्म्याचे साल सहसा ३१६ दिले जाते. पण लिसिनियसने ख्रिस्ती लोकांचा खरा छळ मांडला तो ३२०च्या सुमारास. ब्लेझ यांना शिक्षा देणारा सुभेदार अग्रिकोला हा सेबास्तेच्याच चाळीस रक्तसाक्षींच्या कथेतही भेटतो. एका कथेतले पात्र दुसरीत शिरले असणे अशक्य नाही. ब्लेझ यांची चरित्रे फार उशिरा, आठव्या शतकाच्या आसपास रचली गेली. त्यांतले प्रसंग सर्वांना ठाऊक असतात: गुहेतला एकांतवास, भोवती जमणारे जखमी प्राणी, घशात माशाचा काटा अडकलेला मुलगा, लोकर विंचरायच्या लोखंडी फण्यांनी सोलले जाणे आणि शेवटी शिरच्छेद. या फण्यांमुळेच युरोपातले लोकर विंचरणारे कारागीर त्यांना आपला आश्रयदाता मानू लागले.

गंमत अशी, की घशासाठी ब्लेझ यांचा धावा या चरित्रांहून जुना आहे. सहाव्या शतकातील वैद्य अमिदाचा एटिअस आपल्या ग्रंथात सांगतो, की घशात हाड अडकले तर रोग्याचा गळा धरावा आणि रक्तसाक्षी ब्लेझचे नाव घेऊन हाडाला ‘वर ये नाहीतर खाली जा’ असा हुकूम सोडावा. म्हणजे उपचारातला मंत्र आधी सापडतो, माशाच्या काट्याची सविस्तर गोष्ट नंतर.

मेणबत्त्यांचा उगम एका विधवेच्या गोष्टीत सांगतात: तिचे डुक्कर लांडग्याकडून परत मिळाले, म्हणून तिने तुरुंगात ब्लेझना मेणबत्त्या नेऊन दिल्या. त्याहून पटणारे कारण पंचांगात आहे. आदल्याच दिवशी, २ फेब्रुवारीला, मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला जातो. दुसऱ्या दिवशी त्याच हाताशी असतात. त्या लाल फितीने फुलीत बांधतात. बांधणी सैल राहिली तर कात्रीसारख्या मिटतात, म्हणून गाठ नेमकी छेदावर हवी. काही ठिकाणी त्या पेटवत, पण मेण कॉलरवर गळते आणि केस किंवा ओढणी पेट घेऊ शकते. आता बहुधा न पेटवताच धरतात. आशीर्वाद प्रापंचिक सेवकही, म्हणजे धर्मगुरू नसलेला चर्चचा सेवकही, देऊ शकतो, मात्र त्याने क्रुसाची खूण करायची नसते. ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा हाच सण ११ फेब्रुवारीला पाळते.

या भक्तीला राजकीय वजन मिळाले ते क्रोएशियातील दुब्रोवनिकमध्ये. दहाव्या शतकात व्हेनिसच्या आरमाराचा डाव ब्लेझ यांनी उघड केला, अशी तिथली आख्यायिका. मग दुब्रोवनिकच्या तेव्हाच्या प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर आणि ध्वजावर तेच आले. सणाच्या आसपास ठराविक दिवस हद्दपार झालेल्यांना आणि कर्जबाजाऱ्यांना अटकेच्या भीतीविना शहरात येता येई. तिथली त्यांची चांदीची मूर्ती १७०६च्या आगीतून वाचली. तिच्या हातातले छोटेसे शहर म्हणजे १६६७च्या भूकंपाआधीचे दुब्रोवनिक, त्यामुळे वास्तूंच्या अभ्यासकांनाही ती मोलाची वाटते. २००९ मध्ये युनेस्कोने या सणाची अमूर्त वारशात नोंद केली.

याच बंदरातले खलाशी आणि व्यापारी सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गोव्यात पोहोचले. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीत, कुंभारजुव्याच्या वाटेवर, सांव ब्राझचे चर्च आहे. ते त्यांनीच उभारले असे सांगतात. ब्राझ म्हणजे पोर्तुगीज उच्चारातले ब्लेझच. मुंबईत अंधेरीच्या आंबोलीतले चर्चही याच संताच्या नावाचे आहे.