कोर्टामार्फत जमिनीची मोजणी : गोव्यात अर्ज कसा करावा, कागद कोणते लागतात

शेजाऱ्याने गडगा (दगडी कुंपण) दोन मीटर आत घातला असे तुम्ही म्हणता, आणि तो म्हणतो की गडगा आजोबांच्या काळापासून तिथेच आहे. साक्षीदार दोघांचेही आपापल्या बाजूचे. अशा वेळी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9 नुसार न्यायालय कमिशनर, म्हणजे जागेवर जाऊन अहवाल देणारा आपला माणूस, नेमून जागेची मोजणी करून घेऊ शकते. हद्दीच्या वादात अशी नेमणूक व्हायला हवी, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2008 साली हरियाणा वक्फ बोर्डाच्या प्रकरणात म्हटले आहे.

अर्ज वादी किंवा प्रतिवादी, कोणीही करू शकतो. न्यायालय स्वतःहूनही नेमणूक करते. मात्र दावा आधी दाखल झालेला हवा. नुसती हद्द आखून हवी असेल तर महसूल खात्याकडे, भूमापन कार्यालयात जावे. आणि कमिशनर मागणे हा हक्क नाही, नेमणूक न्यायालयाच्या मर्जीवर असते. 'जमीन कोणाच्या ताब्यात आहे ते बघून सांगा' असा अर्ज बहुधा फेटाळला जातो, कारण ताबा पुराव्याने तुम्हीच सिद्ध करायचा असतो.

खरी गोम पुढे आहे. मोजायचे कुठल्या कागदावरून? डिचोली, सत्तरी, फोंड्याकडच्या कित्येक घरांत दोन प्रकारचे कागद असतात. एक पोर्तुगीज काळातली 'देस्क्रिसांव', म्हणजे जमीन नोंदणीतले वर्णन. तिथे हद्दी 'पूर्वेस अमक्याचे भाट, पश्चिमेस ओहोळ' अशा लिहिलेल्या. दुसरा मुक्तीनंतरच्या सर्वेक्षणाचा नकाशा आणि एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद. दोन्ही जुळतीलच असे नाही, आणि ओहोळसुद्धा जागा सोडतो. उताऱ्यातली नोंद गोवा जमीन महसूल संहितेच्या कलम 105 प्रमाणे खरी धरली जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. मालकी तिने मिळत नाही. म्हणून कोणत्या नकाशावरची कोणती रेषा जमिनीवर दाखवायची, ते अर्जात स्पष्ट लिहा. 'मालमत्ता मोजून मिळावी' एवढ्यावर हाती येणारा अहवालही तितकाच मोघम असतो.

अर्जासोबत सर्वे नकाशाची प्रमाणित प्रत जोडा, तीही शेजारच्या सर्वे नंबरासकट. एक-चौदाचा उतारा (शहरात असल्यास फॉर्म डी), खरेदीखत व त्याला जोडलेला नकाशा, आणि देस्क्रिसांव असल्यास भाषांतरासह तीही लागेल. वादाचा भाग लाल रेघेने दाखवणारा हातनकाशा जोडला तर न्यायाधीशांचे काम हलके होते. दाव्यात सर्वे नंबर किंवा हद्दी चुकल्या असतील तर दुरुस्ती आधी करा. मोजणी त्याच वर्णनावर उभी राहते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकून न्यायालय आदेश देते आणि अहवालाची मुदत ठरवते. खर्च साधारणपणे मागणाऱ्यालाच आधी न्यायालयात भरावा लागतो. मोजणीच्या दिवशी हजर राहा किंवा वकिलाला पाठवा. दोघेही आले नाहीत तरी कमिशनर काम पुढे नेऊ शकतो. चार महिने पावसात गवताखाली हद्दीचे दगडही दिसत नाहीत, त्यामुळे शक्य तर तारीख पावसाळ्यानंतरची मागावी.

शेजारी गडगा पाडण्याच्या बेतात असेल तर थांबू नका; त्याच संहितेच्या आदेश 39, नियम 7 खाली जागेची सद्यस्थिती नोंदवून घेण्याचा अर्ज वेगळा करता येतो.

कमिशनरचा अहवाल आणि त्याने घेतलेला पुरावा दाव्याच्या नोंदीचा भाग होतो, पण तो निकाल नव्हे. न्यायालयाच्या परवानगीने कमिशनरला साक्षीला बोलावून उलट प्रश्न विचारता येतात, आणि न्यायालयाचे समाधान झाले नाही तर पुन्हा चौकशीचा आदेश निघू शकतो. हरकत घेताना 'अहवाल मान्य नाही' एवढ्यावर थांबू नका. मोजणी कोणत्या खुणेपासून सुरू केली, ती का चुकीची आणि कोणती घ्यायला हवी होती, हे लिहा.